ऑफिसजवळ राहायला गेलेल्या एका घराचा हिशोब

आधी परिस्थिती सांगतो. नवरा-बायको दोघं नोकरी करणारे आणि चौथीतली मुलगी. राहायला उपनगरात, घर स्वतःचं, जागा ऐसपैस, मुलीची शाळा चालत दहा मिनिटांवर. बायकोचं ऑफिस शहराच्या अगदी मध्यात आणि तिला आठवड्याचे पाचही दिवस जावं लागायचं, नवऱ्याचं ऑफिस उपनगराच्याच दुसऱ्या टोकाला आणि तो दोनच दिवस जायचा, बाकी घरून काम. म्हणजे घरातला जवळजवळ सगळा प्रवास एकटी ती करत होती, आणि उपनगरातलं घर भाड्याने देऊन शहरात भाड्याचा फ्लॅट घ्यायचा हा विषय साहजिकच तिनेच काढला. दोघंही माझ्या चांगल्या ओळखीचे, आकडेमोडीला मला बसवलं म्हणून हे सगळं जवळून बघायला मिळालं. नावगाव मुद्दाम देत नाहीये, आणि कोणी ओळखू नये म्हणून काही बारकावे इकडचे तिकडे केलेत.

पहिला घोळ प्रवासाच्या आकड्यातच होता. तिला कोणी विचारलं किती वेळ लागतो तर ती म्हणायची पन्नास मिनिटं. ती पन्नास मिनिटं म्हणजे फक्त ट्रेनची. घरातून गाडी काढून स्टेशनला पोचून पार्किंग मिळवायला बारा, प्लॅटफॉर्मवर आठ, मग ट्रेनची पन्नास आणि उतरल्यावर चालत दहा, असे दारातून दारापर्यंत ८० मिनिटं होतात, एका बाजूचे. सगळेच असं करतात, मोठा टप्पा तेवढा लक्षात राहतो आणि आजूबाजूचे तुकडे कोणी मोजतच नाही.

आणि ८० पण चांगल्या दिवसाचे. मी तिला म्हटलं काही आठवडे रोज पोचायची वेळ लिहून ठेव, तिने ठेवली. बहुतेक दिवस ८० च्या आसपास, पण महिन्यातून एखादा दिवस असा यायचा की दोन तास, कधी त्याच्याही वर. आता महिन्यातून एक दिवस म्हणजे काय मोठंसं असं वाटतं ना, पण तो दिवस कुठला हे आदल्या रात्री माहीत नसतं, म्हणून ती रोजच अर्धा तास आधी निघत होती. ट्रान्सपोर्टवाले इंजिनिअर रस्ता किती भरवशाचा हे बघताना सरासरीवर थांबत नाहीत, शंभरातल्या ९५ फेऱ्या किती वेळाच्या आत पूर्ण होतात तेही बघतात, कारण वेळेत पोचायचं असेल तर माणूस सरासरीवर निघत नाही, वाईट दिवस धरून निघतो. तिचा खरा खर्च हा होता. ऑफिसात सकाळी रिकामी बसलेली ती पंचवीस-तीस मिनिटं कुठल्याच हिशोबात येत नव्हती, ना प्रवासात ना कामात.

आता पैसे. शहराच्या मध्यात भाडं जास्त असतं हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही, पण ते का असतं ते शहरांतल्या जागेचा अभ्यास करणाऱ्या विल्यम अलोन्सोने १९६४ मध्ये नीट मांडलं होतं. मध्याजवळच्या जागेसाठी लोक जास्त पैसे मोजायला तयार असतात कारण तिथे प्रवास वाचतो, जसजसं लांब जावं तसतशी जागा स्वस्त होते आणि प्रवास वाढतो, म्हणजे तुम्ही कुठेही राहा, पैसे नाहीतर वेळ यातलं काहीतरी देणारच. या हिशोबाने लांब राहणाऱ्याला स्वस्त आणि मोठं घर मिळून प्रवासाची भरपाई व्हायला पाहिजे. पण श्टुट्झर आणि फ्राय या दोन अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतला डेटा घेऊन २००४ मध्ये दाखवलं की भरपाई होताना दिसत नाही, लांबचा प्रवास करणारे लोक आयुष्याबद्दल सरासरीने कमी समाधानी निघतात. मात्र नंतर ब्रिटनच्या डेटावर वेगळ्या पद्धतीने काम झालं त्यात असा ठळक परिणाम सापडला नाही, त्यामुळे ‘लांब राहणारे दुःखी’ असा सरसकट शिक्का मी तरी मारणार नाही. मला त्यातून एवढंच पटतं की घर बघायला गेल्यावर खोल्या डोळ्यांना दिसतात, प्रवास दिसत नाही, म्हणून निर्णय घेताना तो कमी धरला जातो.

या घराचे आकडे टक्क्यांत सांगतो. राहत्या जागेचा खर्च उत्पन्नाच्या २७ टक्के, प्रवास २० टक्के, एकूण ४७. प्रवासाचे २० हे बघून दोघंही उडाले कारण त्यांच्या डोक्यात प्रवास म्हणजे पेट्रोल आणि ट्रेनचा पास. दोन गाड्यांचा इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, स्टेशनचं पार्किंग आणि दरवर्षी गाडीची उतरणारी किंमत हे सगळं धरलं तेव्हा कुठे २० झाले. घर आणि प्रवास एकत्रच बघायचे हे काही माझं डोकं नाही, शिकागोची सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी म्हणून संस्था आहे ती हेच करते, त्यांच्या मते दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असेल तर घर परवडतंय म्हणायचं. म्हणजे हे लोक ‘स्वस्त’ उपनगरात राहूनही त्या रेषेच्या वर होते.

शहरातल्या फ्लॅटचा हिशोब असा. जुन्या घराचं येणारं भाडं वजा करून, आणि ते वर्षातून एखादा महिना रिकामं राहील असं धरून, राहत्या जागेचा खर्च ३८ टक्के. प्रवास दोन्ही गाड्या ठेवल्या तर १६, एक विकली तर ११. म्हणजे ५४ नाहीतर ४९. सगळा खेळ त्या एका गाडीवर होता. बायको म्हणाली माझी विकूया, मला तिथे लागणारच नाही. नवऱ्याची मात्र ठेवावी लागणार कारण त्याचं ऑफिस मागेच राहत होतं.

आणि इथे त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. तोपर्यंत सगळा कागद बायकोच्या प्रवासाने भरला होता. तो म्हणाला, “अगं, माझे दोन दिवस कुठेच लिहिले नाहीयेत तू.” खरंच नव्हते. मग आम्ही कागद उलटा केला आणि पूर्ण घराची मिनिटं मांडली, आठवड्याची, जाणं आणि येणं दोन्ही धरून. आधी: बायको ८००, नवरा १०० (त्याला एका बाजूला २५ मिनिटं लागायची), मुलगी १००. एकूण १०००. शहरात गेल्यावर बायको एका बाजूला २० मिनिटं म्हणजे आठवड्याला २००, नवरा २५ चे ५० होऊन २००, मुलीची नवीन शाळा पंधरा मिनिटांवर म्हणजे १५०. एकूण ५५०. बायकोचे आठवड्याला दहा तास वाचणार पण घराचे साडेसातच, कारण अडीच तास बाकी दोघांच्या अंगावर जाणार. कुटुंबात ‘आपला वेळ वाचला’ असं जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा आपला म्हणजे कोणाचा हे एकदा विचारून घ्यावं, भांडण होईल पण आधीच होईल.

शाळेचा मुद्दा तर त्याहून मोठा निघाला. चांगला फ्लॅट मिळत होता तो शाळेचं वर्ष अर्ध्यावर असताना. मुलीला वर्ष संपेपर्यंत जुन्याच शाळेत ठेवू असं दोघांनी सहज ठरवून टाकलं होतं. शहरातून जुनी शाळा गाडीने ५५ मिनिटं, म्हणजे मुलीचेच आठवड्याला ५५०. एकूण झाले ९५०, म्हणजे वाचले फक्त ५०, आणि चौथीतली मुलगी एकटी तर जाणार नाही, सोबत कोणीतरी मोठं माणूस लागणार, ते तिला सोडून परत येणार, संध्याकाळी पुन्हा आणायला जाणार. नवऱ्याच्या ऑफिसचे दोन दिवस जमलं असतं, उरलेल्या तीन दिवसांचे त्याचे अकरा तास गाडीत गेले असते. म्हणजे प्रवास कमी करायला घर बदलायचं आणि घराचा प्रवास वाढवून बसायचं. तो फ्लॅट त्यांनी सोडला. मालक वार्षिक परीक्षेपर्यंत थांबायला तयार नव्हता आणि त्याने का थांबावं. बायकोला तेव्हा फार लागलं होतं, पुढचे काही महिने तिने ट्रेनमध्ये काढले आणि घरात तो विषय निघाला की वातावरण तंग व्हायचं, हेही सांगायला पाहिजे कारण कागदावर ‘सहा महिने थांबलो’ ही एक ओळ असते आणि ते सहा महिने एकच माणूस भोगत असतं.

परीक्षा झाल्यावर जो फ्लॅट मिळाला तो मोठ्या रस्त्यावरचा. इथे त्यांनी एक गोष्ट फार चांगली केली, सही करायच्या आधी त्याच भागात थोड्या दिवसांसाठी एक खोली घेऊन दोघं आलटून पालटून राहिले आणि फ्लॅट वेगवेगळ्या वेळी बघितला, सकाळी ऑफिसच्या वेळेला, रात्री अकराला, रविवारी दुपारी. रविवारी दुपारी शांत वाटलेला रस्ता रात्री अकराला ट्रकांचा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपसाठीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत रस्त्याच्या आवाजाचं रात्रीचं प्रमाण ४५ डेसिबलच्या खाली असावं असं आहे. नवऱ्याने मोबाईलवर मोजलं तर रस्त्याकडच्या खिडकीत साठच्या वर. अर्थात ते ४५ म्हणजे वर्षभराची सरासरी, इमारतीच्या बाहेरच्या बाजूची, आणि मोबाईलचं ॲप म्हणजे काही प्रमाणित मीटर नाही, तेव्हा दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करणं बरोबर नाही. पण दर दहा डेसिबलला आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो, त्यामुळे मोजण्यात थोडीफार चूक धरली तरी तिथे झोप लागली नसती हे नक्की. त्यांनी काय केलं तर मोठी, उजेडाची, रस्त्याकडची खोली बसायला आणि घरून कामाला ठेवली, आणि मागची छोटी खोली, जी एजंट ‘स्टोअर कम स्टडी’ म्हणून दाखवत होता, ती झोपायला. पाहुणे येतात ते अजून विचारतात की मोठी खोली सोडून इकडे का झोपता.

त्या राहण्यात लिफ्टही कळली. बारावा मजला, सकाळी सगळी बिल्डिंग एकदम खाली उतरते, लिफ्ट मजल्यामजल्याला थांबत येते, चांगली पाच-सहा मिनिटं जातात. तिच्या २० मिनिटांत ती धरलेली आहेत. नकाशावर बघितलं असतं तर ऑफिस चौदा मिनिटांवर दिसलं असतं.

सामान निम्मं झालं. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं काही नाही, सायकली आणि जुनी कपाटं गेली आणि कोणाला आठवली पण नाहीत. आठवण आली ती अंगणाची, आणि तीही मुलीला.

आता वाचलेले दहा तास कुठे गेले ते. मला या प्रकरणातला हाच भाग सगळ्यात जास्त विचार करायला लावतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ते ऑफिसने खाल्ले, सरळ. उपनगरात असताना सहा वाजून काही मिनिटांची ट्रेन होती, ती चुकली की पुढची बऱ्याच वेळाने, त्यामुळे साडेपाचला ती उठायची आणि कोणी काही म्हणायचं नाही, ट्रेन आहे म्हटलं की विषय संपायचा. आता ट्रेन नाही. साहेबांना कळलं की ही जवळ राहायला आली आणि “तू तर इथेच राहतेस ना, जरा बघून जा” सुरू झालं, मग साडेसहा, मग सात, एकदा शनिवारी पण. त्यात साहेब फार वाईट माणूस होते असं नाही, ज्याला लवकर उठायला कारण नाही त्याच्याकडे काम सरकतं हे कुठल्याही ऑफिसात होतं. लांबची ट्रेन तिला छळत होती पण तिच्या संध्याकाळची राखण पण तीच करत होती, हे घर बदलेपर्यंत तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

उपाय निघाला तो बोलण्यातून नाही, वेळापत्रकातून. मुलीला पोहण्याच्या क्लासला घातलं आणि तिथून सहाला आणायची जबाबदारी बायकोने घेतली, जुन्या ट्रेनच्या जागी ठरलेल्या वेळेचं दुसरं काहीतरी आलं. ‘मला घरी वेळ पाहिजे’ याला ऑफिसात किंमत नसते, ‘मुलगी वाट बघत उभी आहे’ याला असते. वाईट आहे पण आहे.

दुसरी गोष्ट तिने मला जरा लाजतच सांगितली, की तिला ट्रेनची आठवण येते. गर्दीची नाही, बसायला जागा मिळाली की जी वीस मिनिटं कोणी काही मागत नसे त्यांची. मला हे अजिबात विचित्र वाटलं नाही. तसा मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमनच्या २००४ च्या अभ्यासात टेक्सासमधल्या नोकरदार बायकांना दिवसातलं काय काय किती आवडलं ते विचारलं होतं तेव्हा ऑफिसचा प्रवास अगदी तळाला गेला होता. पण रेडमंड आणि मोख्तारियन या प्रवासाच्या अभ्यासकांनी २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या नोकरदारांना विचारलं की तुमच्या मते प्रवास किती असावा, तर सरासरी उत्तर शून्य आलं नाही, सोळा मिनिटांच्या आसपास आलं. घर आणि ऑफिसच्या मध्ये थोडं अंतर लोकांना हवं असतं, डोकं बदलायला. ती आता येताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने चालत येते, आणि ही मिनिटं प्रवासात धरायची नाहीत असं तिने मला बजावलंय.

तिसरी गळती शनिवार-रविवारची. नवऱ्याचे आई-वडील आणि मुलीच्या सगळ्या मैत्रिणी उपनगरातच. आधी आजी-आजोबांकडे जाणं म्हणजे संध्याकाळी चक्कर मारून यायची, आता गाडी काढून अर्धा दिवस. मार्केटी नावाच्या शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये लिहिलं होतं की माणूस दिवसाला सरासरी तासभर प्रवास करतोच, वाहनं वेगवान झाली की तो वेळ वाचवत नाही, लांब जातो. एकेका माणसाला हे जसंच्या तसं लागू होतं असं मी म्हणत नाही, पण यांच्या घरात सोमवार ते शुक्रवार जे कमी झालं त्यातलं काही रविवारी परत आलं हे खरं. आम्ही कागदावर फक्त कामाचे दिवस मांडले होते.

आणि मग वर्षाच्या आतच बायकोच्या कंपनीने तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून असं केलं. सगळ्यांनी अभिनंदन केलं, मी आधी कागद काढला. ती ऑफिसला गेली की त्या दिवशी जाऊन-येऊन दोन तास वाचतात. पण नवऱ्याचे १०० आणि मुलीची ५० जास्तीची मिनिटं दर आठवड्याला ठरलेली, ती काही कमी होत नाहीत. १५० भागिले १२० म्हणजे सव्वा, म्हणजे ती आठवड्यातून दोन दिवस तरी ऑफिसला गेली पाहिजे, नाहीतर पूर्ण घराला शहरात राहणं वेळेच्या बाबतीत पण तोट्याचं. तीन दिवसांत आठवड्याला साडेतीन तास वाचतात, आणि त्यासाठी उत्पन्नाचे दोन टक्के जास्त. पाच दिवस होते तेव्हा तेवढ्याच पैशात साडेसात तास मिळत होते. घरून काम करायला आता दोघांना एकाच वेळी जागा लागायला लागली आणि नेमकी तीच या फ्लॅटमध्ये कमी, ते वेगळंच.

या टप्प्यावर उपनगरातलं घर विकलं नव्हतं हे कामाला आलं. सुरुवातीला विकून शहरात छोटं का होईना स्वतःचं घ्यायचं असाही एक विचार होता आणि बायकोचा कल तिकडे होता. मी तेव्हा विरोध केला होता, कारण घर पंधरा-वीस वर्षांचा निर्णय असतो आणि ऑफिसला किती दिवस यायचं हे कंपनी एका ईमेलने बदलते, २०२० नंतर तर सर्रास. भाड्याच्या करारात दोन महिन्यांच्या नोटिशीवर निघता येईल असं कलम त्यांनी घालून घेतलं होतं, त्यासाठी मालकाला थोडं जास्त भाडं दिलं, मला ते पैसे अजिबात जास्त वाटत नाहीत.

सध्याची स्थिती अशी आहे की नवऱ्याच्या कंपनीनेही आता तीन दिवस केलेत. म्हणजे शहरात राहून आठवड्याला बायको १२०, नवरा ३००, मुलगी १५०, एकूण ५७०. जुन्या घरी परत गेलं तर ४८०, १५० आणि १००, एकूण ७३०. त्यांनी तिसरा पर्याय बघितला, त्याच ट्रेनलाईनवर साधारण मधलं स्टेशन, तिथून तिला ४० मिनिटं आणि त्याला ३०. तिचे २४०, त्याचे १८०, शाळा पंधरा मिनिटांवर मिळाली असं धरून मुलीचे १५०, बेरीज पुन्हा ५७०च. मिनिटं तेवढीच पण वाटणी बरी, आणि भाडं शहरापेक्षा कमी. नवरा या जागेवर खूश आहे, बायको अर्धी. पण ती ४० मिनिटं कागदावरची आहेत, मधल्या स्टेशनावर चांगल्या दिवशी काय आणि वाईट दिवशी काय ते अजून कोणी लिहून ठेवलेलं नाही, ते काम या महिन्यापासून सुरू झालंय. शिवाय मुलीला तिसरी शाळा करावी लागेल आणि तिने स्वच्छ नाही म्हणून सांगितलंय. गेल्या वेळी तिला विचारलंच नव्हतं, या वेळी विचारलं, त्यामुळे निदान पुढच्या वार्षिक परीक्षेपर्यंत फ्लॅटचा करार वाढवून घेतलाय.